शेरा

नोंदवहीत चार रकाने असत:
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
पहिले तीन सरकारचे.
चौथ्यात काय लिहावं
हे एकवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

म्हणून मी लिहीत गेलो.
भाद्रपद वद्य पंचमी, पाऊस उघडला.
पिचिंगच्या दगडावर पिवळा धोबी, एक.
शेपटी हलवून हजेरी दिली.

आमच्या आठ जिल्ह्यांत समुद्र नाही.
पण नाथसागराला पलीकडचा काठ दिसत नाही,
वारं सुटलं की लाटा पायरीवर आपटतात,
आणि दिवाळीच्या आगेमागे कुरव येतात.
बन्सी तारू थर्माकोलच्या तराफ्यावर पाय दुमडून
जाळं ओढता ओढता विचारतो,
"ह्यांला कुणी सांगितलं इथं समुद्र हाय म्हणून?"
मी म्हणतो, चुकले असतील.
"दरसाल चुकतेत व्हय?"
आणि जाळ्यातली बारकी चिलापी
बाजूला भिरकावतो.
ती पाण्यात पडत नाही.

पंधराशे बावीस फूट झालं की धरण भरतं.
मग साहेब येतात, साडी-नारळ येतो,
पाण्याची ओटी भरतात, फोटो निघतात.
त्या दिवसांत माझा शेरा कोरडा.
उभं राहायला चिखलच नसतो कुणाला.
कालवा सुटतो, पाणी बोटाबोटानं मागे सरतं,
आणि ओल्या पट्टीवर
चिखल्या, तुतवार, आणखी कोण कोण
सुईनं टाके घालावेत तसे चोची मारत येतात.
शेकाट्या त्यांच्यात उंच,
दुसऱ्याचे पाय मागून आणल्यासारखा,
जपून टाकतो.

ज्या साली पाणी फार खाली गेलं,
गावोगावी टँकर फिरले,
आमच्या घरी रांजणाला कुलूप होतं,
त्या साली शेऱ्याचा रकाना पुरला नाही.
मी समासात लिहिलं.
लिहिताना लाज वाटली, हेही खरं.
त्याची नोंद कुठं केली नाही.

एकदा उपअभियंत्यांनी पान उघडून विचारलं,
"चक्रवाक, जोड्या सात. हे काय आहे?"
बदकं आहेत साहेब. भगवी.
"पक्षाची?"
नाही साहेब, पक्षीच.
ते हसले, आणि लाल शाईनं लिहिलं:
शेऱ्यात फक्त शेरा असावा.

अश्विनात रात्री बाहेर निजलं
तर अंधारातून चक्रांगांचे थवे उतरतात.
दिसत काहीच नाही.
सुपात ज्वारी घोळवल्यासारखा आवाज
ढाळजेपासून पाण्यापर्यंत जातो.
बायको कूस बदलून म्हणते, आले का तुमचे पाव्हणे.
सकाळी मोजायला जावं तर आधीच
सगळे झोपलेले, चोची पाठीत खुपसून.
झोपलेल्याला मोजणं सोपं असतं
असं वाटतं, पण मध्येच एखादा डोळा उघडतो
आणि आकडा विसरायला होतो.

भोरड्या मी कधीच मोजल्या नाहीत.
त्या बाजरीवर येतात. त्यांचा हिशेब गोफणीकडे.

आता खांबावर सेन्सर बसवलाय.
दर पंधरा मिनिटांनी पातळी
आपली आपण संभाजीनगरला कळते.
दशांशात चार आकडे, चूक नाही.
शेऱ्याचा रकाना त्याला दिलेला नाही.
त्याच्या पत्र्यावर सुरय बसतो,
सौर तावदान पांढरं करतो,
आणि दर महिन्याला एक पोरगा मोटारसायकलवर
ते पुसायला येतो.
मी त्याला एवढंच सांगितलं,
गुरुवारी ये. गुरुवारी तो मासे धरायला
पैठणच्या बाजूला असतो.
पोरानं खरंच मोबाइलवर लिहून घेतलं.

जुनी वही खात्यानं मागितली नाही.
शेवटची नोंद कार्तिक शुद्ध, तिथी खाडलेली,
सकाळचे सहा चाळीस.
पातळी वाचता आली नाही, धुकं होतं.
शेरा: तपकिरी, एकटा, पाणकणसाच्या आत.
गळा ताणून माझ्याकडे बघत होता.
बन्सीला विचारलं, त्यालाही माहीत नाही.
ओळखला नाही.
उद्या परत बघणे.