पेव

हरिपुरात माझं काम पेवांचं.
तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं.

कपाळातल्या पेवाचा पत्ताच नव्हता.
डावा डोळा खाली सरकत गेला,
बायको विचारायची, अवो, कुणाकडं बघताय?

मिरजेत गुळवणीबाईंनी फोटो उजेडाला धरला :
मेंदूकडची भिंत उरलेलीच नाही, तायाप्पा.
नुसता पडदा. तो मी सोलणार नाही.

नाकातून गेल्या.
ओल्या हळकुंडाच्या रंगाचं काहीबाही
निघालं म्हणे, चमचा-दोन चमचे.
आणि तोंड उघडंच ठेवलं. वाहू दे, म्हणाल्या,
फक्त साधं पाणी गळलं तर धावत या.

चाळीस वर्षं मी तोंडं लिंपली,
मुंगी शिरणार नाही अशी.

काल शिंक आली.
बायकोनं तळहात धरला नाकाखाली
आणि आम्ही दोघं थांबलो,
कंदील खाली गेल्यावर थांबतात तसे.