बत्तीस नंबर

फाटकापासून कालव्यापर्यंत चाळीस गुलमोहर.
सगळे एका वयाचे, एका रोपवाटिकेचे,
एकाच दिवशी लावलेले.
खड्डे माझे, पाणी माझं, फोटो साहेबांचा.

बत्तिसाव्याच्या बुंध्यावर पहिल्यांदा दिसली ती काडी.
उदबत्तीची राख न गळता वाकून राहते ना,
तशी, सालीतून बाहेर आलेली, पिवळट.
फुंकर मारली, उडाली.
मागे भोक. मोहरीएवढं.
भिरूड असेल म्हणून सायकलची तार आणली,
संत्र्याला लागते तेव्हा घालतात तशी.
तार आत गेलीच नाही.

दिवाळीपर्यंत झाडाचं अंग
देवी येऊन गेलेल्या माणसासारखं.

मग अकोल्याहून ढेंगळे मॅडम आल्या,
वयानं माझ्या नातीएवढ्या.
त्यांनी साल तासली, तिळाएवढं काळं काहीतरी
चिमट्यानं बाटलीत टाकलं.
"हा इथला नाही, काका. बाहेरून आला.
खोक्यांच्या कच्च्या लाकडातून येतो."

"गुलमोहर तरी इथला कुठे?" मी म्हटलं.
सौर दिव्यांच्या खोक्यांबद्दल बोललो नाही.
त्या फळ्या मीच घरी नेल्या होत्या,
कोंबड्यांचं खुराडं केलं होतं.

"लाकूड खात नाही तो," त्या म्हणाल्या,
"आत बोगदे खणतो, बुरशी पेरतो.
ती पिकली की पोरंबाळं खातात."
म्हणजे शेतीच की जी!
सातबारा कोणाच्या नावावर?
त्या वहीत काही लिहीत होत्या, हसल्या नाहीत.

मग बोट दाखवत एकेक विचारलं.
हा सिमेंटचा ओटा कधी बांधला, मुळावर?
हे खिळे कशाचे?
दिव्यांच्या माळेचे, सव्वीस जानेवारीचे.
आणि फांद्या?
मंत्री येणार होते, मे महिन्यात छाटल्या.
आले नाहीत.

"तहानलेलं झाड आतून आंबतं,
त्याचा वास सुटतो. आपल्याला येत नाही, त्याला येतो."
मी, नत्थू उईके,
मोहाच्या भट्टीचा वास कोसावरून सांगतो,
गाव कोणतं, भट्टी कोणाची, तेही.
आणि माझ्या खाटेपासून दहा पावलांवर
झाड आंबत होतं.

कुंपणापलीकडे बिबा, धावडा, वाकडा मोह.
त्यांना कोणी चुना-गेरू लावत नाही.
तिथे एकही काडी नव्हती.
"अजून," मॅडम म्हणाल्या.

सतरा तोडले.
इथेच जाळा, गावाबाहेर नेऊ नका,
असं कागदावर होतं. कागद ऑफिसात होता.
ट्रॅक्टर वीटभट्टीकडे गेला, दोन गावं ओलांडून,
मागे भुशाची बारीक रेघ सोडत.
मी फाटक उघडून दिलं.
तेच माझं काम.

त्या रात्री खुराडं मोडलं, चुलीत घातलं.
फळ्या चांगल्या होत्या, भोक दिसलं नाही एकही.
बायको म्हणाली, डोकं फिरलं काय तुमचं?
कोंबड्या दोन रात्री
बत्तीस नंबरच्या थोटक्यावर बसल्या.

परवा नवी रोपं आली, काळ्या पिशव्यांत,
सतराच्या सतरा गुलमोहर.
नेवारे साहेब म्हणाले, फूल चांगलं दिसते, नत्थू,
फोटोत लाल येते.

मी एकेक पिशवी उचलतो,
कोणी पाहत नाही बघून
नाक खुपसतो आत.
ओली माती. शेणखत.
बाकी मला काही कळत नाही.