चावी भिंतीच्या रंगाची

दिवसभर मी काजू निवडते वेंगुर्ल्याच्या कारखान्यात,
ट्यूबलाइटखाली, पत्र्याच्या लांब टेबलावर.
दोनशे चाळीस इकडे, तीनशे वीस तिकडे,
पाकळी वेगळी, तुकडा वेगळा,
चिकाचा डाग पडलेला खाली डब्यात.
अठरा वर्षं झाली. एकसारख्यातलं वेगळं
डोळे आपणहून उचलतात, मला विचारत नाहीत.

रात्री पेज जेवून, भांडी पालथी घालून
भाच्याने टाकून दिलेला लॅपटॉप उघडते.
एक बिजागर सुतळीने बांधलंय.
पुन्हा तोच परदेशी बंगला, तेच धुकं,
तीच बेपत्ता बहीण, अर्धं फाडलेलं पत्र.
या लोकांची तिजोरीची चावी
दर वेळी माशाच्या पोटात कशी जाते?
मी जन्मभर मासे साफ केले.
गाबोळी निघाली, एकदा गळ निघाला.
चावी नाही.

तळाशी यादी येते, इंग्रजीत:
पीस, कात्री, तीन फुलपाखरं, बुद्धिबळातला घोडा, अँकर.
अँकर म्हणजे नांगर, शेजारचे इनासबाब सांगतात,
आणि मी पाऊण तास
शेतात चालवायचं अवजार शोधत बसते.
तो होता पडद्याच्या नक्षीत, बोटीचा, बोटाएवढा.
इनासबाब इतके हसले की विडी विझली.

तीस वर्षं बोटीवर वायरिंग केलं त्यांनी.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
तरी माझ्याआधी त्यांना दिसतं.
“वस्तू बघू नको गो, सावली बघ.
चितारी सावलेक विसारता.”

कारखान्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला
मी गुण लिहिते. चित्राला, कोड्यांना, गोष्टीला.
इशाऱ्याचं बटण दाबलं
तर अर्धा तारा माझा कापते, त्यांचा नाही.
पण काळ्या कोपऱ्यात काळी छत्री ठेवली
तर मात्र सोडत नाही.
लपवणं वेगळं आणि चोरणं वेगळं.
डब्याच्या मध्यावर डागी काजू भरणारे व्यापारी
मी पाहिलेत, वरचा थर कसा चकचकीत असतो त्यांचा!

पाच तारे एकदाच दिले.
फणी शोधत होते, चार वेळा नजर फिरवली,
संदुकीत, झाडावर, घोड्याच्या आयाळीत.
फणी आरशापुढे होती,
फणीच्याच जागी.

एक रीत मात्र अजून पटलेली नाही.
सापडलं की ते नाहीसं होतं.
टिचकी मारली, चमकलं, गेलं,
यादीतल्या नावावर रेघ.
शेवटी नुसत्या भिंती, खुंट्या
आणि पलीकडे वाजणारी शाबासकीची घंटा.
“खोली रिकामी झाली की जिकलो?
ह्यो कसलो खेळ गो?” इनासबाब म्हणाले
आणि उठून घरी गेले, दिवा न लावता.

आदल्या रविवारी त्यांची मुलगी आली होती मडगावहून,
पिएदादबाईंच्या वस्तू न्यायला.
कागदावर लिहून आणलं होतं तिने:
चांदीची खुर्साची साखळी, शिवणाचं मशीन,
निळी बशी, लग्नातला पंखा.
सगळं सापडलं तिला.
मीच मदत केली शोधायला. पंखा तर मीच काढून दिला,
कपाटाच्या मागच्या फटीतून.

त्या खेळाचं पान मी कोरं ठेवलंय.

आठवड्याने ते पुन्हा आले, बांगड्याचं तिखलं घेऊन,
काही न बोलता खुर्ची ओढली.
नवा खेळ दीपगृहाचा होता.
रात्री दीडला संपवला. आजची नोंद:

गोष्ट बरी. कोडी सोपी.
चावी भिंतीच्या रंगाची, एक तारा कापला.
दिवा फिरतो पण समुद्र हलत नाही.
खिडकी उघडी होती, आमचा ऐकू येत होता.
आणखी अर्धा.
इनासबाबांचं मत: सावल्या सगळ्या बरोबर.
म्हणून साडेतीन.