खोटी नोंद

वेष्टनावर गुलाबी छत्री होती,
छत्रीखाली एकमेकांना चिकटलेली दोन नाकं.
वाचनालयातला मंगलदास म्हणाला,
"अनामतीतले वीस रुपये सुट्टे नाहीत,
त्याऐवजी हे न्या, रद्दीतच जाणार आहे."
असं ते मला मिळालं,
चिल्लर म्हणून.

मी पतसंस्थांचे हिशेब तपासते.
बत्तीस वर्षं तांबडी पेन्सिल.
वाचते ती जाड पुस्तकं, ज्यांत
दुसऱ्या प्रकरणापर्यंत कुणीतरी मेलेलं असतं
आणि उरलेले त्याबद्दल बोलत नाहीत.
प्रेमकथा म्हणजे विनातारण कर्ज,
असं एकदा परिसंवादात म्हणालेही होते.
टाळ्या पडल्या होत्या.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीला वेळ होता.
पेन्सिल काढली. म्हटलं, बघूया किती चुका.

नायिका म्हापशाच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करते.
नायक गुरांचा डॉक्टर. दर शुक्रवारी
तेच एक बंद घड्याळ घेऊन येतो.
पान चौदा: तिची ओढणी पिवळी.
पान सोळा, तीच दुपार: ओढणी हिरवी. खूण केली.
पान एकोणीस: शुक्रवारनंतर थेट सोमवार. खूण.
पान तेवीस:
तो टेबलाशी उभा, अंगाला गोठ्याचा वास,
ती डोळ्याला भिंग लावून म्हणते,
"डॉक्टर, ह्या घड्याळाला काही झालेलं नाही.
दर गुरुवारी रात्री कुणीतरी
ह्याच्या चाकात केस अडकवतं.
आणि केस बैलाचा आहे."

मी हसले.
मनातल्या मनात नव्हे. मोठ्याने,
पुढच्या सायकलवरचा पोदेर
भोंपू वाजवायचा थांबून वळला, इतकं.

पुढे एकही खूण नाही.
पेन्सिल कुठे पडली, माहीत नाही.
फेरी चोडणला टेकली, फळी खाली आली,
स्कूटर गेल्या, मासळीच्या पाट्या गेल्या,
मी पान एक्केचाळीसवर.
फेरी परत रायबंदरला. परत चोडण.
मांडवीवर तेव्हा सूर्यबिर्य बुडत असणार,
खारफुटीत बगळे वगैरे.
मी पाहिलं नाही.
तिसऱ्या खेपेला कायतानने वरून हाक मारली,
"बाय, आज देंवचें ना मगो?"
"थांब रे, तिच्या आईला आत्ताच कळलंय."
त्याने खरंच थांबून विचारलं, "मागीर?"

शेवट मला छत्री बघूनच ठाऊक होता.
लग्न.
पेढे कुणाकडचे, एवढंच बाकी.
तरी छातीत असं धडधडत होतं
जसं ताळेबंदात सात पैसे सापडत नसताना
रात्री अकराला धडधडतं.
कुणी मरत नाही त्या पुस्तकात.
एक म्हैस आजारी पडते, तीही बरी होते.
आणि ती बरी होते तेव्हा
माझे डोळे भरून येतात, एका म्हशीसाठी,
हे मी कुठल्या खात्यात मांडू?

घरी उल्हास म्हणाला, "उशीर?"
"फेरी चुकली."
बत्तीस वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद.

शेवटची आठ पानं मुद्दाम ठेवली आहेत.

आज सकाळी तो न्हाणीघरात असताना
स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल काढून
पिठाच्या डब्यामागे ठेवला.
"अहो, बघता का जरा, बंद पडलंय."
तो स्टुलावर चढला, चष्मा कपाळावर,
मागचं झाकण उघडून आत बघितलं,
मग बराच वेळ माझ्याकडे.
"सेल कुठाय?"

मी चहात साखर घातली.
दुसऱ्यांदा.