शिडाचा मांडव

लेकीनं मागितलं काय, तर जुनं शीड.
कोपनहेगनात हॅट शिवते ती,
बायका आठ-आठ महिने थांबतात तिच्या एका हॅटसाठी,
आणि लग्नाच्या मांडवाला तिला हवं
माझ्या माळ्यावरचं, उंदरांनी हुंगून सोडलेलं कापड.
मी म्हटलं, भाड्यानं मिळतात तंबू, पांढरेशुभ्र.
ती म्हणाली, बाबा, पांढरं सगळ्यांकडेच असतं.

चाळीस वर्षं स्वेनबोर्गच्या धक्क्यावर शिडं शिवली मी.
पुन्हा दाभण काढलं,
चामड्याचा पंजा हातावर चढवला,
सगळा मे महिना स्वयंपाकघराच्या फरशीवर, गुडघे टेकून.
एक ठिगळ आहे त्या शिडाला.
हातभर. निळ्या दोऱ्याचं.
ते मुद्दाम मागं घेतलं, कुंपणाच्या अंगाला,
जिथे बशा विसळणारी पोरं उभी राहणार होती.

ट्रोल्सनं शमादानं कातली,
वादळात पडलेल्या नासपतीच्या लाकडाची.
एकाचीही उंची दुसऱ्याशी जुळत नाही.
विचारलं तर म्हणे, पाहुण्यांची तरी कुठे जुळते?
सिसेलनं रुमाल रंगवले कांद्याच्या सालींत;
आठवडाभर घराला कांद्याचा वास, आणि रुमाल
उन्हात ठेवलेल्या मधासारखे.
पाहुण्यांची नावं किनाऱ्यावरच्या गोट्यांवर, पांढऱ्या शाईनं.
आईचं नाव लिहिताना तिनं गोटा बदलला
तीनदा.
मी पाहिलं. विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी वारा फिरला.
कुंपणाकडचा खांब ढिला निघाला,
पोरांनी शीड उतरवलं, फिरवलं, पुन्हा ताणलं.
मी आत आरशापुढे टाय बांधत होतो.
बाहेर येतो तर ठिगळ
थेट मुख्य टेबलावर,
जरासं डावीकडे, बिर्गिटच्या खुर्चीच्या वर.

ती आली ऑर्हूसहून, राखाडी रेशमात, नव्या नवऱ्यासोबत.
नवा म्हणायचा; झाली एकोणीस वर्षं.
बसली. मान वर केली.
तेवढ्यात काटे-सुऱ्या बशांवर वाजू लागल्या,
म्हणजे नवरानवरीनं खुर्चीवर चढून मुका घ्यायचा, ही आमची रीत.
सगळे तिकडं बघत होते. ती वर.
"पांढरा दोरा संपला होता," म्हणाली.
हो, मी म्हटलं.
"तू म्हणालास, किनारा गाठेस्तोवर टिकलं तरी पुरे."
टिकलं की.
मग तिनं मीठ मागितलं.
मी दिलं.

रात्रीचे साडेअकरा, आणि आभाळ अजून पुरतं विझलेलं नाही.
वॉल्ट्झला पाहुणे टाळ्या वाजवत रिंगण धरतात,
रिंगण आवळत आवळत येतं,
शेवटी दोघांना फिरायला
एक पाट मांडावा एवढीच जागा.
मग दोस्तांनी ट्रोल्सला उचललं, बूट काढले,
मोज्यांची टोकं कात्रीनं कचाकच कापली:
पाय परक्या वाटेला जाऊ नये म्हणून,
आणि बायकोला रफू येतं का, ते कळावं म्हणून.
सिसेल म्हणाली,
"मी डोक्याचं शिवते. पायाचं नाही."

केवढा हशा.
ट्रोल्स गवतावर बसला, बदामी लिननच्या सुटात,
दोन्ही अंगठे उघडे,
आणि माझ्यापुढे हात पसरला.
दाभण खिशात होतं. का होतं, विचारू नका.
मोज्याला फार जाड आहे हे, मी म्हटलं.
तरी ओवलं त्यानं, मेणबत्तीच्या उजेडात, दोनदा चुकून,
दोरा हाती लागला तो,
सिसेलच्या हॅटच्या काठाचा उसवलेला, हिरवा.

टाके म्हणजे काय, कोंबडीचे पाय.
आतून गाठ मार, नाहीतर सुटेल, असं सांगणार होतो.
पण ती खाली बसली होती,
त्याचा पाय मांडीत घट्ट धरून, हलू नये म्हणून,
आणि तिच्या लग्नाच्या झग्यावर
गवताचा ओला डाग हळूहळू चढत होता.
कुणीतरी एल्डरच्या फुलांचं सरबत आणलं.
वर शीड एकदा फुगलं, एकदा बसलं.

उद्या आठला मांडव उतरवायचा.
दव पडलंय. पोरांना सांगून ठेवलं पाहिजे,
ओल्या शिडाची घडी घालत नाहीत,
आधी वाळू द्यावं लागतं.