बारा पावलं

यंत्रमागाच्या घरात कुणी हळू बोलत नाही.
चार माग एकदम सुरू झाले की
"चहा दे" हेसुद्धा भांडणासारखं ऐकू येतं.
बेचाळीस वर्षं मी जैतूनशी असाच बोललो,
वीज गेलेली असतानाही.

विजापूर वेशीजवळच्या शाळेत हजचं शिबिर होतं.
पोरांच्या बाकांवर आम्ही म्हातारे, गुडघे दुमडून.
शिकवणारे म्हणाले, इहराम बांधला की
शिकार नाही, अत्तर नाही, नखं कापायची नाहीत,
आणि झगडा नाही.
बायकांच्या बाजूनं एक हसू आलं, ओढणीत दाबलेलं.
न बघता ओळखलं मी.

इहरामचे दोन्ही टॉवेल मीच विणले.
जाड, सोलापुरी, काठाला रंग नाही.
जन्मभर परक्यांची अंगं पुसणारं कापड विणलं,
हे पहिलं स्वतःसाठी.
मग जैतूनला शिकवायला बसलो.
अंगणातल्या पाण्याच्या पिंपाभोवती सात फेऱ्या,
पिंप डाव्या हाताला ठेव.
लब्बैक म्हण. नीट म्हण. पुन्हा म्हण.
ती तिसऱ्या शब्दाला अडखळायची, मी ओरडायचो,
आणि शेजारची नरसम्मा भिंतीवरून विचारायची,
"मामू, देवाला कमी ऐकू येतंय का?"

निघताना गल्लीभर माफी मागितली.
सूतवाल्या बिपिनशेठची, कांड्या भरणाऱ्या पोरांची,
गटारीवरून पंधरा वर्षं बोललो नव्हतो त्या बाशूमियांची.
उंबऱ्याच्या आतलं तेवढं राहिलं.
घरच्यांची कोण माफी मागतं?

काब्यासमोर माझं गणित सुटलं.
पांढऱ्या कापडांचा तो पूर,
पाच फेऱ्या झाल्या की सहा, आठवेना.
मी हट्टानं म्हणालो, सहा.
जैतूननं मूठ उघडली.
विड्या बांधायचा लाल दोरा, त्याला गाठी. पाच.
दिवसाला हजार विड्या वळणारी बाई ती,
पंचविसाचा कट्टा बोटांनीच ओळखणारी.
तोंडापर्यंत आलेला आवाज मी गिळला
आणि सहावी फेरी तिच्या मागून चाललो.
अरबी सोडून ती आपल्या बोलीत पुटपुटत होती,
"अल्ला मियां, इनके गुस्से कू ठंडा पानी पिला."
मी ऐकलं.
न ऐकल्यासारखं केलं.

सफा नि मरवाच्या मध्ये तिचे गुडघे संपले.
चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत निघालो.
हिरव्या दिव्यांखाली पुरुषांनी धावायचं असतं.
तान्ह्यासाठी पाणी शोधत इथं एक बाई धावली होती, एकटी,
आणि आज लाखो पुरुष
तिच्या घाबरण्याची पायांनी उजळणी करतात.
शिबिरात हे ऐकलं होतं. कळलं तिथं.
कारण तापानं फणफणलेल्या मुनाफला छातीशी धरून
माझ्या घरातली बाई सिव्हिल हॉस्पिटलकडं धावली, त्या रात्री
मी मागावरून उठलो नव्हतो.
ऑर्डर होती.

"आहिस्ता चलो जी," जैतून वळून म्हणाली.
मी म्हणालो, "माफ कर."
तिला वाटलं, खुर्चीला हिसका बसला म्हणून.
मीही तसंच वाटू दिलं.

अराफातच्या उन्हात मात्र नीट सांगितलं,
ती रात्र, तो ताप, ती ऑर्डर.
ती दोऱ्याच्या गाठी सोडवत बसली होती.
सगळ्या सुटल्यावर म्हणाली,
"पानी पियो."

सोलापूर आलं. हार झाले. खजूर वाटून संपले.
नरसम्माला वाटीभर जमजम दिलं, तिनं डोळ्यांना लावलं.
तिसऱ्या दिवशी माग सुरू केले,
कानठळ्या त्याच.
स्वभाव तिकडं ठेवून आलो असं म्हणणार नाही,
कालच कांडीवाल्या पोरावर खेकसलो.
पण जैतूनशी बोलायचं असलं की
मी उठतो.
मागापासून तिच्या विड्यांच्या सुपापर्यंत
बारा पावलं आहेत.
वाकून कानाशी विचारतो, चहा टाकू का?
ती म्हणते,
जोरात बोला की, काही ऐकू येत नाही.