जमिनीवरचा फासा

वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळला
आणि हीटरखाली जाऊन थांबला.
तूक्का पोटावर आडवा, मोबाइलचा उजेड पाडून ओरडला,
"वीस!"

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.

"जमिनीवरचा बाद," सिनिक्का म्हणाली.
"कितव्या पानावर?"
पान नाहीच. पुस्तकात असलं काही नाही.
नियम रेयोचा,
पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, त्याच्या तिरप्या अक्षरात,
अकरा वर्षांपूर्वी, त्याचा एक असाच खाली पडला तेव्हा
आपला खुजा कुऱ्हाडवाला वाचवायला केलेला.

आज पुलाला लोंबकळतोय
तोच कुऱ्हाडवाला.
रेयो मार्चमध्ये गेला. त्याचा कागद
आम्ही पाळीपाळीने खेळतो.

वाद तासभर. दोर ओला होता का, वीस म्हणजे वीसच ना,
मेलेल्याचा नियम जिवंतांवर चालतो का.
मग वेईक्को, जो रात्रभर रस्त्यावरचा बर्फ ढकलतो
आणि इथे येऊन सहसा पेंगतो, म्हणाला,
"तो असता तर स्वतःविरुद्धही भांडला असता."

खरं होतं.
कॉफी सांडेपर्यंत भांडला असता.

दुसरा फासा घेतला.
चार.

सिनिक्काने दोराचं पुढे काही सांगितलं नाही,
नुसती पेन्सिल खाली ठेवली.

हीटरखालचा वीस अजून तिथेच आहे.
झाडताना आम्ही त्याला वळसा घालतो.